पान एकेचाळीस

शब्दाला दीड रुपया, हा माझा दर.
तेलकंपनीचा सामाजिक अहवाल, इंग्रजीतून मराठीत,
एकशे बारा पानं, शुक्रवारपर्यंत.

मुखपृष्ठावरच अडलो.
बांधिलकी लिहू की उत्तरदायित्व?
बांधिलकीला दाव्याचा वास येतो, खुंट्याचा.
उत्तरदायित्वात उत्तर आहे खरं,
पण प्रश्न कुणी विचारायचा
ते एकशे बारा पानांत कुठे सापडेना.
लांबलचक शब्द घेतला. पैसे तेवढेच.

मग तिवरं आली. चार हजार रोपं लावली.
जगली किती, हे वाक्य मुळातच नव्हतं,
मी कशाला घालू?

लाभार्थी, लाभार्थी, लाभार्थी.
एकदा टंकून पुढे नुसता चिकटवत गेलो.

पान एकेचाळीसवर फोटो:
निळ्या लुगड्यातली म्हातारी, समोर शिलाई मशीन,
पाठीमागे फलक, फलकावर दुसरीच कुणी हसरी बाई.
खाली ओळ: धाकलीबाई, माहुल, आता स्वावलंबी.
आडनाव वैती की वैटी, स्पेलिंगवरून कळेना.
माझ्या घाटल्याहून माहुल रिक्षाने वीस मिनिटं.
गेलो. वेलांटीसाठी.

"वैती," ती म्हणाली, "नि नाव धाकली,
पन घरात सगल्यांत थोरली आता मीच उरले."
मशीनवर जुनी चादर, चादरीवर
सुक्या बोंबलांची पाटी.
पाटी उतरवली, चादर काढली.
चाकाला हात लावला तर जागचं हलेना.
"हवा खारी ना. चार महिन्यांत बसलं.
सायबाकडं तेल मांगितलं.
हसला. बोलला, आजी, आमचं तेल वेगलं."

दाराबाहेर खाडी, ओहोटीची.
पूर्वी खुबे काढून आलं
की पाय पाण्याने धुतले तरी पुरायचं.
आता घोट्यापर्यंत काळं चिकटतं,
ते घासलेटाच्या चिंधीने पुसावं लागतं.
"नि घासलेट बी इकत," ती म्हणाली.
तक्रार नव्हती तिच्या आवाजात,
माशांचा भाव सांगावा तसं सांगितलं.

तोवर धुराड्यावरची ज्योत दिसायला लागली होती.
आमच्या गच्चीवरूनही दिसते ती.
मुलगी लहान असताना तिला दिवाळी म्हणायची.
आता आठवीत आहे, दप्तरात पंप ठेवते.
या कामाचे पैसे आले की
नवा पंप घ्यायचाय.
हे मी धाकलीबाईंना सांगितलं नाही.

नाक्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे
मशीनच्या तेलाची बाटली मिळाली, पस्तीस रुपयांना.
त्याने न मागता पावती दिली.
सांगेल तिथे ती, मी थेंब सोडत गेलो,
इथे, मग इथे, खालच्या दांड्याला,
आणि वाट बघत बसलो दोघं.
तिने चहा केला. काळा, फार गोड.
चाक आधी कण्हलं, मग फिरलं.
सुई मोडलेली होती.

ती हसली त्यावर. फोटोतल्यापेक्षा बरं.

रात्री पान एकेचाळीस पुरं केलं.
वैती, त ला दुसरी वेलांटी, नीट तपासली.
'स्वावलंबी'वर बराच वेळ बोट ठेवून बसलो
आणि ते तसंच राहू दिलं.
हे इथे लिहून ठेवतो, कारण ते अहवालात नाही.

बिल पाठवलं:
अठ्ठावीस हजार चारशे शब्द, दीड रुपया दराने.
खाली आणखी एक ओळ:
शिलाई मशीनचं तेल, नग एक, पस्तीस.

लेखा विभागाचं उत्तर त्याच दुपारी आलं, तत्पर मंडळी:
बेचाळीस हजार सहाशे मंजूर.
पस्तीस रुपये कोणत्या शीर्षाखाली, खुलासा करावा,
मूळ पावती जोडावी.

खुलासा अजून लिहिलेला नाही.
पावती टेबलावर आहे.
तिच्यावर माझ्या अंगठ्याचा डाग पडलाय,
कागद पारदर्शक झालाय तेवढ्यापुरता.
पंख्याखाली ठेवून पाहिली.
वाळत नाही.